पुढे होणारी पोरगी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होते. "मॅडम, कॉलेजात असताना केलेलं नेतृत्व पुढे एमबीएला कसं उपयोगी पडतं, यावर लिहा. तरुणांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी." मी म्हटलं, लिहिते, प्रेरणेचं मात्र तुमचं तुम्ही बघा. ते हसले. मी हसले नव्हते.

कोल्हापुरातल्या एका खासगी व्यवस्थापन संस्थेत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. शिकवत होतेच, पण माझी खरी ओळख 'मुलाखतीच्या मॅडम' अशी होती. बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रवेश परीक्षा दिली, गुण पडले, झालं. पण संस्थेच्या स्वतःच्या काही जागा असतात आणि त्यांच्यासाठी मुलाखत होते. तीन माणसं टेबलाच्या अलीकडे, एक घामाघूम पोर पलीकडे. आमच्या गुणपत्रकात 'नेतृत्व' असा एक रकाना होता, आणि तो भरायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं.

हा रकाना कशासाठी, ते साध्या भाषेत सांगते. हिशेब शिकवता येतो, बाजारपेठ शिकवता येते. पण ज्या माणसाला तुमचं ऐकायची काही सक्ती नाही त्याच्याकडून काम करून घेणं, हे वर्गात शिकवून येत नाही. मॅनेजरला तर आयुष्यभर तेच करायचं असतं. ज्याने कॉलेजात रुसलेल्या पोरांना एकत्र बसवून एखादं स्नेहसंमेलन पार पाडलंय, वसतिगृहाची मेस चालवलीय, त्याला वर्गात आम्ही बोललेलं पहिल्या महिन्यात कळतं. बाकीच्यांना ते नोकरी लागल्यावर, ठेच खाऊन कळतं. हे मी आजही मानते. मानते म्हणूनच इतका राग येतो.

नग तर एकेक असे यायचे की विचारू नका. एक जण स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो फाइलला लावून आला होता. फ्लेक्सवर तो गॉगल लावून कानाला मोबाइल धरून उभा, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. मी विचारलं, "विद्यार्थी परिषदेत तू नेमकं काय केलंस?"

"मी होतो की, मॅडम."

"कुठे होतास?"

"सगळीकडंच होतो."

दुसरा क्रिकेटचा कॅप्टन. त्याच्या संघाने वर्षभर सराव केला आणि हा एकदाही मैदानावर फिरकला नाही, हे त्यानेच भाबडेपणाने सांगून टाकलं. "कॅप्टननं सरावाला यायचं नसतंय मॅडम, टॉसला जायचं असतंय." मी त्याच्या रकान्यात भोपळा दिला. तरी जूनमध्ये तो पहिल्या बाकावर बसलेला दिसला, कारण त्याचे मामा आमच्या चेअरमनसाहेबांच्या गटातले होते.

आता हा गट म्हणजे काय, ते आमच्या जिल्ह्याबाहेरच्यांना सांगायला हवं. गट म्हणजे पक्ष नव्हे. पक्ष बदलतो, गट घरात असतो. दूध संस्था, सेवा सोसायटी, पतसंस्था, साखर कारखाना, जिथे निवडणूक तिथे दोन पॅनेल, आणि प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या पॅनेलचं. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की "पावणं, कुठलं गाव?" हा पहिला प्रश्न आणि "कुठल्या गटाचं?" हा दुसरा. सोयरीक जमवतानाही हे बघतात. कॉलेजातला जनरल सेक्रेटरी हे त्याच वाफ्यातलं रोप. त्यामुळे गटाशिवाय कोणी पुढे होतं, यावर आमच्याकडे शहाण्या माणसांचाही विश्वास बसत नाही. आमच्या संस्थेत तर कोणाचाच बसत नव्हता.

अशात एका वर्षी दीपाली आली. गारगोटीच्या पुढे डोंगराच्या पोटात तिचं गाव. घरी शेती, दोन म्हशी, आणि कॉलेजला गेलेली घरातली ही पहिलीच. कपडे साधे, आवाज खणखणीत. खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाली, "बसतो, मॅडम." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. संचालक मगदूम सरांनी ते दुरुस्त करायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी प्रश्न विचारला. "कॉलेजात कधी कुठल्या कामात पुढे झालीस का?"

"एसटीचं केलंतं एकदा," ती म्हणाली.

तिच्या गावाला संध्याकाळी जाणारी मुक्कामी गाडी होती. म्हणजे रात्री गाडी गावातच राहते, चालक-वाहक तिथेच झोपतात, आणि सकाळी तीच गाडी कॉलेजच्या पोरींना घेऊन निघते. ती गाडी एकदम बंद झाली. वाटेवरच्या चार गावांच्या मुलींचं कॉलेज बुडायला लागलं. दोघी-तिघींच्या घरी तर लग्नाची बोलणी सुरू झाली. पोरगी घरात बसली की आमच्याकडे दुसरं काही सुचत नाही.

"मग मोर्चा काढलास?" मगदूम सरांनी विचारलं.

"न्हाय सर. पोरं म्हणत हुती रस्ता अडवूया. मी म्हटलं, आधी डेपोत जाऊन विचारूया तर खरं, गाडी का बंद केली त्ये. तर कुणी धड सांगंना. मग मी ड्रायव्हरमामांनाच गाठलं. त्ये म्हणालं, पोरी, तुमच्या गावात आमास्नी झोपायला जागा न्हाय. पावसाळ्यात गाडीत झोपायचं, गाडी गळती. सकाळी तोंड धुवायला पाणी न्हाय. कोण यील मुक्कामाला? जो तो ड्युटी टाळतोय."

पुढचं तिने अगदी सहज सांगितलं. गावातल्या तालमीची मागची खोली मोकळी करून घेतली. सरपंच एका गटाचा आणि तालमीवाले दुसऱ्या गटाचे, त्यामुळे सरपंचाची परवानगी आणि तालमीची किल्ली एकत्र येत नव्हती. मग हिने दोन्ही घरच्या पोरींनाच आपापल्या बापापुढे उभं केलं. प्रत्येक घराने पाळीपाळीने दोघांची भाकरी द्यायची ठरलं. एवढं झाल्यावर ती डेपोत गेली आणि म्हणाली, आता गाडी सोडा. गाडी सुरू झाली.

"पेपरात काही आलं होतं का याचं?" मगदूम सर फाइल चाळत म्हणाले.

"कशाला यील? गाडी आली की."

मी तिला त्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले. समोरच्याने नकार दिला तर त्याच्या नकाराचं कारण शोधायचं, हे मी मुलांना वर्षभर घसा फोडून सांगत असे. ही पोरगी ते घरून घेऊन आली होती. त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

पहिल्या वर्षी तिने वर्गाचं रूपच बदललं. केस स्टडी, म्हणजे एखाद्या कंपनीच्या खऱ्या अडचणीवर चर्चा, चालू असताना शहरातली इंग्रजी शाळांची मुलं फाडफाड उत्तरं द्यायची. ही सगळ्यांत शेवटी विचारायची, "पण त्या फॅक्टरीतल्या फोरमनला ह्यातलं काय मान्य हाय का, त्ये कुणी बघितलं?" पोरं पुन्हा केस उघडून बघायला लागायची. इंग्रजीत अडखळायची, पण गटाने काम करायचं असलं की सगळे हिच्याकडे यायचे. दुसऱ्या सत्रात तिला विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष नेमलं. नेमलं म्हणजे आम्हीच नेमलं, निवडणूक नाही. माहितीपत्रकासाठी ब्लेझरमध्ये तिचा फोटोसुद्धा काढला.

एमबीएच्या दोन वर्षांच्या मध्ये मुलांना दोन महिने कंपनीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं असतं. त्याला इंटर्नशिप म्हणतात. पुढची नोकरी बऱ्याचदा तिथूनच ठरते, म्हणून पोरं त्याच्यासाठी जीव टाकतात. त्या वर्षी संस्थेने सूचना काढली की कंपन्या शोधायची गरज नाही, सगळ्यांना 'ग्रामीण बाजारपेठ सर्वेक्षण' हा एकच प्रकल्प मिळेल. मुलं टॅब घेऊन गावोगाव गेली. पहिले प्रश्न साबणाचे, चहापत्तीचे. मग मधूनच एक प्रश्न यायचा: घरात कारखान्याचे सभासद किती? त्याच्या पुढचा: मागच्या वेळी कल कोणाकडे होता?

आमचे चेअरमनसाहेब एका साखर कारखान्याच्याही कारभारात होते, आणि पुढच्या वर्षी त्या कारखान्याची निवडणूक होती. एमबीएची पोरं त्यांच्या पॅनेलसाठी घराघरांतला कल टिपत फिरत होती. गावकरी काय खुळे नव्हते. एका म्हाताऱ्याने आमच्या दोन मुलांना चहा पाजून सांगितलं, "बाळांनो, साबण आमी कुठलाबी वापरतो. तुमच्या सायबास्नी सांगा, मत तुमास्नी न्हाय."

नोकरीसाठी कंपन्या आल्या तेव्हा त्यांच्या माणसांनी हा प्रकल्प बाजूला सारला. "ही इंटर्नशिप नाही," असं तोंडावर सांगितलं. मुलं रडकुंडीला आली. आणि संस्थेने वर आणखी जाहीर केलं की सर्वेक्षण अपुरं आहे, दिवाळीनंतर दुसरी फेरी करायची.

दीपालीने तेव्हाही घोषणा दिल्या नाहीत. तिने आधी सगळ्या मुलांशी बोलून घेतलं, मग दोन कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना भेटून, हिवाळ्यात महिनाभर मुलांना घेता का, म्हणून विचारून आली. ते तयारही झाले. मग ती मगदूम सरांकडे गेली. म्हणाली, "सर, दुसरी फेरी आमी करत न्हाय. त्याच्या बदली खरी इंटर्नशिप करतो. कंपन्या ठरवल्यात. संस्थेनं नुसतं पत्र द्यायचं." संस्थेचं नाव राखून सुटका करून देणारा असा तोडगा मी तरी पुन्हा पाहिला नाही.

मगदूम सर तसे वाईट नव्हते, पण पाठीला कणा नव्हता. त्यांनी तिला चेअरमनसाहेबांपुढे नेलं. मीही गेले. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पान तोंडात टाकलं आणि मायेने विचारलं, "कुठल्या गटाची गं तू?"

"कुठल्याच न्हाय, साहेब."

"आगं, असं कुठं असतंय व्हय? तुझ्या मागं कोण हाय, त्येवढं सांग. मी काय करत न्हाय."

"माझ्या मागं वर्गातली पोरं हायत."

साहेब हसले. मी म्हटलं, "साहेब, ती खरं सांगतेय. मुलांचं नुकसान होतंय म्हणून आलीय, आणि तिचं म्हणणं संस्थेच्याच फायद्याचं आहे." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही पुस्तकातल्या. हे राजकारण हाय." दुसऱ्या दिवशी मला मुलाखत समितीवरून काढून ग्रंथालय समितीवर टाकलं. माझं ठीक होतं. मला पुस्तकं आवडतात.

त्यांनी चौकशी लावली. गट सापडेना, तसतसा त्यांचा संशय वाढत गेला. न सापडणारा गट म्हणजे फारच मोठा डाव, असा त्यांचा हिशेब. शेवटी कोणीतरी शोधून काढलं की दीपालीच्या आत्याचे दीर विरोधी पॅनेलचे आहेत. झालं! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ऊस ज्यांनी लावला नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊस तयार झाला म्हणून शेतकऱ्याने तोडून चालत नाही. कारखान्याकडून तोडीची पाळी यावी लागते, तोडणीची टोळी यावी लागते. पाळी चुकली की उसाला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन जातं, आणि रान अडकल्यामुळे पुढचं पीकही हुकतं. दीपालीच्या वडिलांचा ऊस साहेबांच्याच कारखान्याला जायचा. त्या हंगामात त्यांच्या रानाच्या डावीकडचा फड गेला, उजवीकडचा गेला. मधला ऊस उभाच राहिला.

वडील एक दिवस मला भेटायला संस्थेत आले. ग्रंथालयाच्या दारात चपला काढून उभे राहिले. मी खुर्ची दिली तरी बसेनात.

"बाई, पोरगीला ह्यातलं काय कळू देऊ नगासा," ते म्हणाले. "ऊस आज न्हाय तर उद्या जाईल. कारखान्याचा शेती अधिकारी म्हणतोय, पोरगीला जरा समजावून सांगा, मग टोळी लावतो. मी म्हटलं, पोरगी काय चुकीचं करंना झालीया, मी काय समजावू?"

"मग माझ्याकडे का आलात?"

"ती शाणी हाय का खुळी, त्येवढं इचारायला आलतो. तुमी शिकवतायसा. तुमास्नी ठावं असंल."

शाणी आहे, असं मी सांगितलं. ते हात जोडून निघून गेले. त्या क्षणी मला त्या इमारतीची किळस आली, आणि ती आजवर गेलेली नाही.

पण गावात काय लपतं? मैत्रिणीने उसाच्या तुऱ्याचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि दीपालीला सगळं समजलं. तिने मुलांना बोलावून खरं तेच सांगितलं. घरगुती अडचण वगैरे काही नाही. आता आपण सगळे मिळून साहेबांकडे जाऊ, सगळे गेलो तर एकट्या घराला धरता येणार नाही, असं ती म्हणाली. तिचा हिशेब बरोबर होता. मुक्कामी गाडीच्या वेळी तो जमलाही होता. पण इथे निम्म्या पोरांच्या घरी ऊस उभा होता. कोणाचा भाऊ पतसंस्थेत चिकटलेला, कोणाची आई संस्थेच्याच शाळेत शिक्षिका. जो तो मान खाली घालून बसला. कोणी तिला वाईट बोललं नाही, पण एकही जण उठला नाही.

दुसऱ्या दिवशी ती टॅब घेऊन सर्वेक्षणाला गेली. एकटी, सगळ्यांच्या आधी. आठवडा व्हायच्या आत तिच्या बापाचा ऊस तुटला.

वार्षिक समारंभात साहेबांनी तिला शाल घातली. भाषणात म्हणाले, नेत्याला कधी थांबायचं ते कळलं पाहिजे. टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे कोणी बघत नव्हतंच. साहेबांच्याच शब्दाने तिला एमआयडीसीतल्या एका मोठ्या फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकाम कारखान्यात, मनुष्यबळ विभागात नोकरी लागली. त्या बॅचमधली ती सगळ्यांत चांगली नोकरी.

मी निवृत्त झाले. साहेबांचं वय झालं, नवे संचालक आले, आणि मुलाखतींना माणूस मिळेना म्हणून मला पुन्हा बोलावू लागले. गेल्या उन्हाळ्यात असंच मुलाखतींचं काम चालू असताना दीपालीचा फोन आला. "मॅडम, एकदा फौंड्री बघायला या की. गाडी पाठवतो."

गेले. ती आता त्या विभागाची प्रमुख आहे. स्वतःची केबिन, काचेतून खाली भट्टीचा विभाग दिसतो. अंगावर चांगली साडी, बोलणं तसंच खणखणीत. चहा आला. मी सहज विचारलं, काम कसं चाललंय. ती म्हणाली, मध्यंतरी कंत्राटी पोरांनी कँटीनच्या जेवणावरून गडबड केली होती, पण मिटली.

"जेवण सुधारलं?"

"न्हाय. जो पोरगा पुढं झालता, त्याला मी काय केलं न्हाय. त्याला हात लावला की तो मोठा होतो. त्याचा मेहुणा आमच्या दुसऱ्या युनिटला हाय. त्याला पंधरा दिवस घरी बसवला. मग पोरगं आपसूक गप झालं." तिने कप खाली ठेवला. "मॅडम, चार माणसं उभी असली की त्यातला पुढं होणारा कोण, मला लगेच कळतं. बाकीच्या मॅनेजरांना महिना लागतो. म्हणून तर मला इथं मान हाय."

फुशारकी नव्हती तिच्या बोलण्यात. खंतही नव्हती. एखाद्या यंत्राची माहिती द्यावी तसं तिने सांगितलं. ही विद्या तिला आमच्या संस्थेत मिळाली, आणि वर आम्ही पदवीही दिली.

निघताना ती दारापर्यंत आली. "मॅडम, तुम्ही मुलाखती घेताय न्हवं यंदा? असं कोण पुढं होणारं पोरगं-पोरगी दिसली तर सांगा. शिकत असतानाच आमच्याकडं घेतो. अशी माणसं बाहेर राहिली की त्रास देत्यात."

त्याच आठवड्यात गगनबावड्याकडची एक मुलगी मुलाखतीला येऊन गेली होती. वसतिगृहातल्या मुलींना पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी ताप येतो म्हणून तिने रेक्टरबाईंशी भांडून, मग त्यांनाच सोबत घेऊन, कपडे वाळत घालायला एक बंद खोली मिळवली होती. सांगताना तिचे डोळे चमकत होते. तिला मी पूर्ण गुण दिले होते.

"यंदा कोणीच नाही गं," मी दीपालीला म्हटलं. "सगळी साधी मुलं आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीचाच फोन. प्रवेशाच्या चौकशीसाठी माझाच नंबर दिलेला असतो. तिला आणखी एका संस्थेत मुलाखतीला बोलावलं होतं. "मॅडम, तिथं पण कपडे वाळवायच्या खोलीचंच सांगू का? तुमास्नी आवडलंतं न्हवं?"

"आवडलं होतं," मी म्हटलं. "पण तिथे ते सांगू नकोस. कुठेच सांगू नकोस."

तिने घाबरलेल्या आवाजात विचारलं, "मग काय सांगू?"

"सांग, वाचनाची आवड आहे."